पदवीला शिक्षणशास्त्राचे मायनर आणि शिक्षक होण्याची तयारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीच्या प्रवेशाचे दिवस आले की पुण्यातल्या महाविद्यालयांच्या प्रवेश-खिडक्यांपुढे विद्यार्थी आणि पालक काही प्रश्न हमखास विचारतात, आणि रांग मोठी असल्यामुळे त्यांना एका वाक्याचे उत्तर मिळते. पुढे तीच मुले बी.एड.च्या वर्गात माझ्यासमोर येतात, तेव्हा त्या एका वाक्यामुळे कोणाचे वर्ष गेले आणि कोणाचा विषय चुकला, हे कळते. खालील उत्तरे त्या अनुभवातून, पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांसाठी लिहिली आहेत.

शिक्षणशास्त्राचे मायनर म्हणजे नेमके काय?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीची जी नवी रचना आली, तिच्यात विद्यार्थ्याचा एक मुख्य विषय असतो, ज्याला सगळे मेजर म्हणतात, आणि त्याच्या जोडीला कमी श्रेयांकांचा (क्रेडिटचा) दुसरा विषय असतो, तो मायनर. महाराष्ट्रात तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ श्रेयांकांची आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी १६० ते १७६ श्रेयांकांची आहे. त्यांपैकी निम्मे किंवा अधिक श्रेयांक मेजरकडे जातात. मायनरच्या वाट्याला साधारण वीसच्या आसपास येतात. एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात पंधरा तास व्याख्यान, असा हिशेब धरला, तर संपूर्ण मायनर सुमारे ३०० तासांचे होते. याउलट बी.एड.ला दोन वर्षे असतात आणि दरवर्षी किमान २०० दिवस काम चालावे लागते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मायनरकडून किती अपेक्षा करावी, याचा अंदाज येतो.

हे मायनर पूर्ण केले की शिक्षक होता येते का?

नाही. मायनर ही व्यावसायिक पात्रता नाही. शाळेत शिक्षक म्हणून नेमणूक होण्यासाठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने ठरवलेली पात्रता, म्हणजे डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांसाठीची पदविका) किंवा बी.एड., लागतेच, आणि पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. गुणपत्रिकेवर ‘शिक्षणशास्त्र’ हा शब्द आहे म्हणून बी.एड.चा काही भाग माफ होईल, असे कोणी सांगितले, तर त्यावर विसंबून राहू नये.

मग ते घ्यायचे तरी कशासाठी?

माझ्या मते मुख्यतः दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे आपल्याला खरोखर शिकवायचे आहे की नाही, हे दोन वर्षे आणि बी.एड.ची फी खर्च करण्याआधी समजून घेण्यासाठी. दुसरे म्हणजे मूल शिकते कसे, हे पाहण्याची नजर थोडी आधी तयार होण्यासाठी.

दुसऱ्या मुद्द्याबाबत माझाच अनुभव सांगतो. बी.एड.चा माझा पहिला सराव पाठ आठवीच्या वर्गावर होता, विषय इतिहास, तासिका पस्तीस मिनिटांची. पाठ टाचण मी रात्री जागून काढले होते. उद्दिष्टे, प्रस्तावना, फलक लेखन, सगळे चौकटीत नीट बसवलेले होते. वर्गात उभा राहिलो आणि चौदा मिनिटांत सगळे संपले. उरलेली एकवीस मिनिटे मी मुलांना तेच प्रश्न उलटसुलट विचारत राहिलो, आणि पुढच्या बाकावरची तीन मुले तीच उत्तरे निमूटपणे देत राहिली. मागच्या बाकावर बसून निरीक्षण करणाऱ्या मार्गदर्शक बाईंनी माझ्या वहीत लाल शाईने एवढेच लिहिले : ‘पाठ कोणासाठी घेतला?’ इतिहास मला येत होता. समोरच्या बेचाळीस मुलांना त्यातले आधी काय ठाऊक आहे, हे शोधायचे असते, याची मला कल्पनाच नव्हती. पदवीच्या वयात कोणी मला दहा-बारा वर्ग नुसते बघायला लावले असते, तर ती एकवीस मिनिटे काहीशी कमी झाली असती.

या विषयात प्रत्यक्ष शिकवतात काय?

महाविद्यालयागणिक अभ्यासपत्रिकांची नावे बदलतात, परंतु गाभा साधारण सारखा असतो : शिक्षणाचे तत्त्वज्ञान आणि समाजशास्त्र, बालविकास आणि अध्ययनाचे मानसशास्त्र, भारतीय शिक्षणाचा इतिहास, अभ्यासक्रम आणि मूल्यमापन, आणि सर्वसमावेशक शिक्षण. मूल कसे शिकते यावर काम केलेले मानसशास्त्रज्ञ पियाजे आणि वायगॉट्स्की ही नावे सगळीकडे भेटतात. शिकवण्यातून काय साधायचे याची पायऱ्यांनी मांडणी करणारी ब्लूमची उद्दिष्टांची वर्गवारीही भेटते. ती १९५६ ची आहे आणि आपल्याकडे तिचे पाठांतर जितके होते, तितका वापर होत नाही, हे जाता जाता नोंदवतो.

इतिहासाचा भाग पुण्यातल्या विद्यार्थ्याला पुस्तकातून उचलून रस्त्यावर पाहता येतो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा सुरू केली तो भिडे वाडा बुधवार पेठेत होता; २०२३ मध्ये तो पाडला गेला, जागा मात्र पाहता येते. याच जोतीरावांनी १८८२ साली ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात उच्च शिक्षणावर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत प्राथमिक शिक्षणाची होणारी आबाळ दाखवली आणि प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना पुरेसा पगार असावा, असा आग्रह धरला. मुदलियार आयोग (१९५२–५३), कोठारी आयोग (१९६४–६६), १९६८ आणि १९८६ ची धोरणे, २००९ चा शिक्षण हक्क कायदा अशी यादी पाठ करण्यापेक्षा हे निवेदन मुळातून वाचून मग पुढचे अहवाल वाचले, तर तीच मागणी पुन्हा पुन्हा कशी वर येते, हे अधिक स्पष्ट दिसते.

परंतु या विषयाची खरी गोडी कळायची असेल, तर २०१९ सालचा संख्यावाचनाचा वाद घ्यावा. बालभारतीने इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’, ‘सत्तावन्न’च्या जोडीला ‘पन्नास सात’ असे वाचन दिले आणि महाराष्ट्रभर गहजब झाला. समाजमाध्यमांवर विनोदांचा पाऊस पडला, चर्चा विधिमंडळापर्यंत गेली. मंगला नारळीकर या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, आणि त्यांनी या बदलामागची कारणे शांतपणे मांडली होती.

आता हा प्रश्न शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहावा. मराठीत ‘सत्तावन्न’ म्हणताना सात आधी उच्चारला जातो आणि लिहिताना पाच आधी लिहायचा असतो, म्हणून सात वर्षांचे मूल ऐकल्याबरहुकूम ७५ लिहिते. ही चूक आळसाची नाही, भाषेच्या रचनेतून आलेली आहे. ‘एकोणतीस’मध्ये तर तीसचा उच्चार होतो आणि लिहायचे असतात दोन आणि नऊ. शिवाय ‘त्र्याण्णव’, ‘अठ्ठ्याहत्तर’ यांतली जोडाक्षरे ज्या घरात मराठीची वेगळी बोली किंवा वेगळीच भाषा बोलली जाते, तिथल्या मुलाला दुहेरी ओझे होतात. दुसऱ्या बाजूला, बाजारात, घरात, एसटीच्या तिकिटावर सगळे ‘सत्तावन्न’च म्हणतात, मग शाळेने वेगळे का शिकवावे, हा आक्षेपही पोकळ नाही. एका दुसरीच्या पानात मानसशास्त्र, भाषाशास्त्र, समाजशास्त्र आणि पालकांचे राजकारण असे सगळे एकत्र येते. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर फुकट मिळतात. ते पान काढून, शेजारच्या एखाद्या दुसरीतल्या मुलाला दहा संख्या लिहायला सांगून, त्याने त्या कशा लिहिल्या ते पाहावे. चार पानांचा निबंध लिहिण्यापेक्षा हे अधिक उपयोगी पडते.

मेजर कोणता असावा?

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून या उत्तराला जागा देतो.

बी.एड.ला गेल्यावर विद्यार्थ्याला अध्यापन पद्धती निवडावी लागते : मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल इत्यादी. ही निवड पदवीला कोणता शालेय विषय शिकला आहे, यावर अवलंबून असते, आणि पुढे भरतीच्या वेळीही जागा विषयवार निघतात. त्यामुळे मायनर शिक्षणशास्त्राचे घेतले तरी मेजर शाळेत शिकवला जाणारा विषय असावा, हे धोरण सर्वांत सुरक्षित आहे. मराठी, हिंदी, इंग्रजी, इतिहास, भूगोल, गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र या विषयांच्या पदवीधरांची वाट सरळ असते. मानसशास्त्र, तत्त्वज्ञान किंवा समाजशास्त्र मेजर आणि शिक्षणशास्त्र मायनर, ही जोडी वाचायला फार सुंदर असते; मात्र माध्यमिक शाळेत या विषयांची तासिकाच नसते, हे प्रवेश घेतानाच लक्षात घ्यावे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. बी.एड.ला त्यांना प्रवेश मिळतो, पण दहावीपर्यंतच्या शाळेत वाणिज्य नसल्यामुळे त्यांचे खरे क्षेत्र अकरावी-बारावी, आणि तिथे एम.कॉम. लागते. म्हणजे वाणिज्यच्या मुलाने पदवीला मायनर शिक्षणशास्त्राचे घेतले, तर पुढची किमान चार वर्षे मोजूनच घ्यावे. अभियांत्रिकीचे पदवीधरही बी.एड. करू शकतात, त्यांना विज्ञान आणि गणिताच्या विशेषीकरणासह ५५ टक्के गुणांची अट आहे.

आणखी एक सूचना. अनेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षी दोन-तीन विषय बरोबरीने शिकवतात आणि त्यांतला मेजर कोणता, मायनर कोणता, हे दुसऱ्या वर्षी ठरते. पहिल्या वर्षाच्या अर्जात जो विषय घेतलाच नाही, तो दुसऱ्या वर्षी मायनर म्हणून मागायला गेलात, तर खिडकीवरचे उत्तर ठरलेले असते. म्हणून प्रवेशाआधीच विषयांच्या गटांचा तक्ता मागून घ्यावा.

मला पहिली ते पाचवीच्या मुलांना शिकवायचे आहे. मायनर आणि नंतर बी.एड., असे चालेल का?

चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात बी.एड. ही प्राथमिक स्तरासाठी पात्रता धरता येणार नाही, असे स्पष्ट केले. पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. लागते. तो दोन वर्षांचा अभ्यासक्रम बारावीनंतर करता येतो आणि जुन्या पिढीतले लोक त्याला अजूनही डी.एड.च म्हणतात. ज्याचे मन लहान मुलांतच रमते, त्याने बारावीनंतर थेट डी.एल.एड. करून पदवी मागाहून घेण्याचा विचार जरूर करावा. पदवी म्हणजे मोठे आणि डी.एड. म्हणजे धाकटे, ही आपल्याकडची उतरंड निव्वळ प्रतिष्ठेची आहे. पहिलीच्या वर्गाला वाचायला शिकवणे हे नववीला व्याकरण शिकवण्यापेक्षा सोपे काम आहे, असे ज्याला वाटते, त्याने एक दिवस पहिलीवर ऑफ तासिका घेऊन पाहावी.

बी.एड.च्या प्रवेशात मायनरचा फायदा होतो का?

प्रवेशाच्या नियमांत वेगळे गुण मिळत नाहीत. पदवीला ५० टक्के गुण लागतात, मागासवर्गीय प्रवर्गांना सवलत आहे, आणि राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेत बौद्धिक क्षमता, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता यांवर मिळून १०० बहुपर्यायी प्रश्न दीड तासात सोडवायचे असतात, आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. अभियोग्यतेच्या भागात ‘वर्गातील एखादा विद्यार्थी सतत मागे राहतो, तर आपण काय कराल?’ अशा धर्तीचे प्रश्न येतात. शिक्षणशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्याला त्यांतला तर्क लवकर सापडतो, इतकाच काय तो फायदा.

चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. आहे म्हणतात. मग मायनरचा आटापिटा कशाला?

आहे. बी.ए.-बी.एड., बी.एस्सी.-बी.एड. अशा स्वरूपाचा एकात्मिक अध्यापक शिक्षण कार्यक्रम २०२३–२४ पासून देशातल्या निवडक संस्थांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. त्याला बारावीनंतर राष्ट्रीय पातळीवरची वेगळी प्रवेशपरीक्षा आहे, आणि तीन अधिक दोन अशा पाच वर्षांच्या मार्गापेक्षा एक वर्ष वाचते. २०३० पर्यंत अध्यापनासाठी चार वर्षांची एकात्मिक पदवी ही किमान पात्रता व्हावी, असे २०२० च्या धोरणात म्हटले आहे. बारावीतच ज्याचा निर्णय पक्का आहे, त्याने या परीक्षेचा अर्ज भरावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

पण अठराव्या वर्षी किती जणांचा निर्णय पक्का असतो? माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना शिक्षक व्हायचे आहे हे पदवीच्या दुसऱ्या वर्षी, कधी धाकट्या भावाला शिकवताना, कधी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात, कळलेले असते. त्यांच्यासाठी पदवी, सोबत मायनर आणि नंतर बी.एड. हाच दरवाजा उघडा राहतो. शिवाय चार वर्षांची ऑनर्स पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी एक वर्षाचा बी.एड. असावा, हेही त्याच धोरणात आहे, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने प्रसिद्ध केलेल्या नियमांच्या मसुद्यात त्याची तरतूद सुचवली होती. मसुदा हा मसुदा असतो. चौथे वर्ष केवळ त्याच्या भरवशावर घेऊ नये, आपल्या विषयात संशोधनाची आवड असेल तर घ्यावे.

टीईटी, टेट, पवित्र हा सगळा काय घोळ आहे?

घोळ नावांचा आहे, प्रक्रिया तशी सरळ आहे. टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. प्रत्येकी १५० गुण, उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के, आरक्षित प्रवर्गांना ५५. दोन्ही पेपरांत बालविकास आणि अध्यापनशास्त्रावर ३० गुणांचे प्रश्न असतात, आणि मायनरच्या अभ्यासाचा थेट उपयोग होतो तो याच ३० गुणांसाठी. उत्तीर्णतेचे प्रमाणपत्र आता आजन्म वैध असते. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर तर निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही ही परीक्षा उत्तीर्ण होण्याची मुदत पडली, त्यामुळे परीक्षा केंद्रावर तुमच्या शेजारच्या बाकावर तुमचेच जुने गुरुजी दिसले, तर नवल वाटू देऊ नका.

टेट ही शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० गुणांची, २०१७ पासून सुरू झालेली. तिच्यात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण नसते. मिळालेल्या गुणांवर भरतीतली गुणवत्ता ठरते. ही भरती ज्या संगणकीय प्रणालीतून होते, ती पवित्र. दोन्ही परीक्षा घेणारी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद पुण्यातच आहे. केंद्रीय विद्यालयांसाठी सीटीईटी ही वेगळी परीक्षा असते.

ज्युनिअर किंवा सिनियर कॉलेजवर शिकवायचे असेल तर?

अकरावी-बारावीसाठी विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. दोन्ही लागतात. सिनियर कॉलेजसाठी बी.एड. लागत नाही; पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकांसाठीची पात्रता परीक्षा लागते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठच घेते. ज्याचे लक्ष केवळ सिनियर कॉलेज आहे, त्याने मायनर म्हणून आपल्या विषयाला पूरक असे दुसरे काही घेतले तरी हरकत नाही.

मायनर करताना शाळेत प्रत्यक्ष जायला मिळते का? पुण्यात कुठे जावे?

बी.एड.मध्ये वीस आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेतला प्रत्यक्ष सराव, असते, तसे बंधन मायनरला नाही. बऱ्याच ठिकाणी क्षेत्रभेट किंवा प्रकल्प असतो, आणि तो विद्यार्थ्याने मनावर घेतला, तरच त्यातून काही मिळते. क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभागाचे जे श्रेयांक पदवीच्या रचनेत असतात, तेही शाळेशी जोडून घेता येतात. त्यासाठी विभागप्रमुखांकडे पहिल्याच महिन्यात विचारणा करावी.

पुण्यात निवडीला वाव भरपूर आहे. पेठांमधल्या महापालिकेच्या शाळा, मुळशी आणि वेल्हे भागातल्या दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळा, अक्षरनंदनसारखी प्रयोगशील शाळा, सदाशिव पेठेतली ज्ञानप्रबोधिनी, बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी काम करणारी डोअर स्टेप स्कूलसारखी संस्था, यांपैकी किमान दोन अगदी भिन्न ठिकाणे पाहावीत. आपण स्वतः शिकलो तीच शाळा निवडू नये. तिथे आपल्याला सगळे आधीच ठाऊक आहे असे वाटते. कुठेही जाताना महाविद्यालयाचे पत्र न्यावे आणि मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी. पाठ्यपुस्तकांसाठी सेनापती बापट रस्त्यावरचे बालभारती आणि शिक्षक प्रशिक्षणाच्या साहित्यासाठी कुमठेकर रस्त्यावरची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद ही ठिकाणे तर बसच्या एका तिकिटाच्या अंतरावर आहेत.

पाहायचे म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. महापालिकेच्या एका शाळेत पाचवीच्या वर्गात अपूर्णांक चालू होते. बाईंनी फळ्यावर एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश लिहून मोठा कोणता, असे विचारले. दुसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, एक चतुर्थांश, कारण तीनपेक्षा चार मोठा. बाईंनी चूक म्हटले नाही. त्या म्हणाल्या, ‘एक भाकरी तिघींत वाटली आणि तेवढीच एक चौघींत वाटली, तर तू कुठल्या घोळक्यात बसशील?’ मुलगी लगेच म्हणाली, तिघींच्या. वर्ग हसला. बाई पुढच्या उदाहरणाकडे वळल्या. पण ती मुलगी फळ्याकडेच बघत होती, आणि दोन मिनिटांनी हळूच शेजारणीला म्हणाली, ‘पण चार तर मोठाच आहे ना?’

माझ्याबरोबर आलेल्या विद्यार्थ्याच्या निरीक्षण वहीत या तासाबद्दल एकच वाक्य होते : ‘शिक्षिकेने दैनंदिन जीवनातील उदाहरण दिले व विद्यार्थ्यांनी उत्साहाने प्रतिसाद दिला.’ वाक्य खोटे नाही, मात्र त्या तासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यात नाही. भाकरी समजली आणि आकडा समजला नाही, या दोहोंमधला पूल अजून बांधायचा आहे, हे त्या दुसऱ्या बाकावर स्पष्ट दिसत होते. मायनरच्या तीनशे तासांत ते दिसू लागले, तर पुष्कळ झाले.

मी घरी शिकवण्या घेते. तो अनुभव धरला जातो का?

शासकीय किंवा अनुदानित शाळेच्या भरतीत धरला जात नाही. स्वतःला मात्र त्याचा उपयोग होतो, विशेषतः एका मुलाच्या चुका जवळून बघण्यासाठी. शिकवणीतली एक सवय तेवढी सोडावी लागते : तिथे पुढच्या परीक्षेत काय येणार, यावर नजर असते आणि मूल अडले की आपण गणित सोडवून देतो.

पगाराचे काय?

पालकांचा हा प्रश्न रास्त आहे, म्हणून आडवळणाने उत्तर देत नाही. अनुदानित आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत नव्या शिक्षकाला आधी तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काम करावे लागते. जानेवारी २०२३ पासून त्यांचे मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये झाले. त्याआधी बरीच वर्षे ते अनुक्रमे ६,०००, ८,००० आणि ९,००० होते. तीन वर्षांनंतर नियमित वेतनश्रेणी मिळते. विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांत आकडे संस्थेनुसार बदलतात, आणि करारावरचा आकडा व हातात पडणारा आकडा एकच आहे ना, हे सही करण्याआधी तिथल्या दोन शिक्षकांना विचारून घ्यावे. पुण्यात खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या मुलाने पहिल्या तीन वर्षांचा हिशेब आधीच कागदावर मांडलेला बरा.

आमच्या महाविद्यालयात हे मायनर नाही. काय करावे?

मायनरसाठी महाविद्यालय बदलण्याइतके ते महत्त्वाचे नाही. चांगला शिकवला जाणारा मेजर सोडून तर मुळीच जाऊ नये. खुल्या ऐच्छिक विषयांत शिक्षणाशी संबंधित एखादी अभ्यासपत्रिका असते, तसेच स्वयम् या केंद्र शासनाच्या ऑनलाइन मंचावर शिक्षणशास्त्राचे अभ्यासक्रम असतात आणि महाविद्यालयाने आधी मान्यता दिली, तर त्यांचे श्रेयांक खात्यात जमा होतात. मानसशास्त्राचे मायनर मिळत असेल, तर तेही चांगले काम करते.

शेवटी शिक्षक झालोच नाही, तर हा विषय वाया जातो का?

जात नाही. पाठ्यपुस्तक संपादन, बालसाहित्य, स्वयंसेवी संस्थांचे शैक्षणिक काम, संग्रहालयांतले मुलांसाठीचे उपक्रम यांत तो उपयोगी पडतो. आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षी आठ-दहा वर्ग पाहून ‘हे माझे काम नाही’ असे कोणाला प्रामाणिकपणे कळले, तर त्या मायनरने आपले काम चोख केले, असेच मी म्हणेन.

पहिल्या वर्गनिरीक्षणाला जाताना काय न्यावे, कसे वागावे?

साधी शंभर पानी वही आणि दोन पेने न्यावीत. फोन पिशवीत बंद असावा आणि मुलांची छायाचित्रे कोणी सांगितली तरी परवानगीशिवाय काढू नयेत. परिपाठाच्या आधी पोहोचावे, कारण शाळेचा निम्मा स्वभाव प्रार्थनेच्या रांगांत दिसतो. वर्गात शेवटच्या बाकावर बसावे. मुले वळून वळून बघतील, एखादा उत्तरही विचारेल. हसावे, पण उत्तर सांगू नये. पहिल्या तासाला सगळे टिपण्याचा हव्यास न धरता एकच मूल निवडावे, शक्यतो हात वर न करणारे, आणि पंधरा मिनिटे ते काय करते, कुठे बघते, काय खोडते, तेवढेच लिहावे. ‘हुशार’, ‘मठ्ठ’, ‘खोडकर’ हे शब्द वहीत येऊ देऊ नयेत. जे दिसले ते लिहावे. मधल्या सुटीत शिक्षकांच्या खोलीत चहा मिळाला तर घ्यावा आणि त्यांच्या पाठावर मत विचारले तरी पहिल्या दिवशी देऊ नये. वही मात्र अशी लिहावी की त्याच शिक्षकांनी ‘बघू जरा’ म्हणून हात पुढे केला, तर ती लगेच त्यांच्या हातात देता येईल.